रकाना नसलेलं दुखणं

यंदाच्या उन्हाळ्यात आत्याच्या अंगणात सर्वेक्षणवाली पोरगी आली तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. खांद्याला झोळी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि उन्हानं रापलेला चेहरा. आत्यानं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग स्वतः भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसली. वय? शिक्षण? घरात माणसं किती? चूल की गॅस? बीपी? साखर? तंबाखू? पोरगी विचारत होती, आत्या सांगत होती, बोट टॅबवर टिचक्या मारत होतं. दहा-बारा मिनिटांत सगळं उरकलं.

"झालं, आजी."

"झालं कसं? गुडघ्याचं कुठं लिहिलंस?"

"गुडघ्याचा रकानाच नाही ना यात."

"मग आख की एक."

पोरगी हसली. मीही हसलो. टॅबवर रकाना आखता येत नाही, हे आत्याला कोण समजावणार? जुन्या वहीत निदान समासात काही खरडता यायचं. टॅबला समास नसतो.

पोरगी पुढच्या घरी गेली आणि माझं हसू जरा वेळानं ओसरलं. आत्या सत्तरीच्या पुढची. गेली चार वर्षं तिला उकिडवं बसता येत नाही. त्यामुळे निंदणीला जाणं बंद, देवळाची पायरी बंद. पहाटे उठून परसाकडे जायचं म्हणजे सुनेला हाक. तिचा अख्खा दिवस दोन गुडघ्यांभोवती बेतलेला. आणि कुठल्याशा तक्त्यात ती आता कायमची अशी नोंदली गेली: बीपी किंचित जास्त, साखर नाही, तंबाखू होय. यातला एकही शब्द खोटा नाही. फक्त त्यात आत्या नाही.

आरोग्याची माहिती गोळा करायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशाताई आहेत. गरोदर बाई, नवं बाळ, ताप, क्षय, कुष्ठ, लसीकरण अशा एकेकाची वही त्यांच्या पिशवीत असते आणि आता वहीच्या जोडीला मोबाइलही. माहिती गावातून वर जाते: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली. वर तिचे तक्ते होतात, तक्त्यांवर संशोधन होतं, संशोधनावर योजना बेतल्या जातात. या सगळ्या चढणीत एक प्रश्न मात्र कुणी गावाला विचारत नाही. तुम्हाला काय मोजलेलं हवंय?

हा प्रश्न विचारला तर काय होतं आणि न विचारला तर काय होतं, या दोन्हींची उत्तरं महाराष्ट्रातच सापडतात. त्यासाठी आधी गडचिरोलीला जायला हवं.

आधी रक्त, मग प्रश्न

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेलं हे जोडपं. चंद्रपुरातून वेगळा होऊन जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. इथे त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. संशोधन जिथे सोयी आहेत तिथे न होता जिथे दुखणी आहेत तिथे व्हावं, हा त्यांचा आग्रह पुढे जगभर पोचला. पण आपल्या सुरुवातीच्या एका फसगतीची गोष्ट डॉ. अभय बंग यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे आणि भाषणांतूनही सांगितली आहे. मला त्यांच्या सगळ्या यशोगाथांपेक्षा ती मोलाची वाटते.

त्यांना सिकलसेलचा शोध घ्यायचा होता. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीत अडकतात, सांधे असह्य दुखतात. आदिवासी भागात तो असणार, असा डॉक्टरांचा कयास होता. गावोगाव रक्ताचे नमुने घेतले, तपासले, आणि कयास खरा ठरला. जिल्ह्यात रुग्ण हजारोंच्या घरात असावेत असा हिशेब निघाला. संशोधक म्हणून बाजी मारल्याचा आनंद होता. लोक मात्र थंड. आजार जन्माचा, त्यावर तेव्हा गावात देता येईल असा इलाज नाही. मग रक्त दिलं कशासाठी? विचार करता करता डॉक्टरांच्या लक्षात आलं की सिकलसेलवर संशोधन होणं ही त्यांची स्वतःची गरज होती, लोकांची नव्हे. लोकांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

इथून गाडी रूळ बदलते. धानोरा रस्त्यावर 'सर्च'चं 'शोधग्राम' उभं राहताना दवाखाना कसा हवा, हे आदिवासींना विचारलं गेलं. त्यांना मोठ्या इमारतीची धास्ती वाटायची. आजाऱ्याला आत घेतात आणि नातलगांना बाहेर काढतात, याची भीती होती. म्हणून वॉर्डाऐवजी झोपड्या आल्या. घरची माणसं आजाऱ्याजवळ राहू शकतील, चूल मांडू शकतील अशा. नाव पडलं 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. देवीच्या दारात जायला कोण घाबरेल? तिथेच दरवर्षी दंतेश्वरीच्या जत्रेला गावोगावचे प्रतिनिधी जमतात आणि आरोग्यसभा भरते. आपल्या गावाला काय छळतंय, हे गावं सांगतात. त्यातून मलेरिया वर आला आणि कामाची दिशा ठरली.

पुढे याच गावांमधल्या पाठदुखी-कंबरदुखीचाही अभ्यास 'सर्च'नं केला. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियांसाठी गडचिरोलीत येऊ लागले. पाठदुखीनं माणूस सहसा मरत नाही, म्हणून मृत्यूच्या तक्त्यात ती दिसत नाही. भाताच्या बांधीत दिवसभर कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला विचारलं, तर ती हीच पहिली सांगेल. माझ्या आत्याचे गुडघे याच जातकुळीतले.

सभेत न बोललेलं

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. 'लोकांना विचारा' म्हणणं सोपं. लोक म्हणजे कोण? ग्रामसभेत पुढे सरपंच, पोलीस पाटील, दोन-चार शिकलेले तरुण. बाया मागे, पदर तोंडाशी. वाडीवरचे, पालावरचे त्याहून मागे. अशा सभेत हात वर करून ठरलेला अग्रक्रम बहुधा पुढच्या रांगेचाच असतो.

डॉ. राणी बंग यांचं काम इथे नीट पाहायला हवं. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. बाया त्यांच्याशी एकांतात बोलायच्या: पांढरं पाणी, पाळीचा त्रास, ओटीपोटातलं दुखणं. कुठल्याही सभेत, पुरुषांसमोर या गोष्टी यादीत आल्या नसत्या. त्या काळी तज्ज्ञांच्याही यादीत त्या नव्हत्या. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच जगाचा हिशेब. बंगांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पुढे कैरोच्या १९९४ च्या लोकसंख्या परिषदेपर्यंत जग 'प्रजनन आरोग्य' हा शब्द वापरू लागलं. त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीच्या या बायांचा वाटा आहे.

विचारण्याचीही एक जागा असते, वेळ असते. जे चावडीवर सांगता येत नाही ते नदीवर सांगता येतं. जे डॉक्टरला सांगता येत नाही ते सुईणीला सांगता येतं. लोकांचा अग्रक्रम एका दुपारी मतदान घेऊन हाती लागत नाही. वेगवेगळ्या ओट्यांवर बसून तो वेचावा लागतो.

बायांना बोलतं केलं की त्या तुमच्या विषयाची चौकटही मोडतात. आरोग्याबद्दल बोलायला जमलेल्या गडचिरोलीच्या बायांनी सांगितलं, आमचं मोठं दुखणं दारू आहे. दारू नवरा पितो, मार बाई खाते, उपाशी पोर राहतं. हे आरोग्य नाही तर काय? डॉक्टरांच्या पुस्तकात दारू यकृताच्या प्रकरणात असते. बायांनी ती घराच्या प्रकरणात हलवली. त्यातून दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदीचं पुढे काय झालं, चोरटी दारू किती वाहते, यावर वाद घाला. पण प्रश्न कुणी विचारला, याबद्दल वाद नाही.

जामखेडलाही हेच घडलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आरोग्यसेवा द्यायला गेले, आणि दुष्काळाच्या तोंडावर उभ्या असलेल्या गावांनी त्यांच्याकडे आधी पाणी आणि अन्न मागितलं. डॉक्टरांनी ते ऐकलं. पोरांचं खाणं, कूपनलिका, मग शेतकरी मंडळं, मग गावातल्याच निरक्षर बायांमधून घडलेल्या आरोग्यसेविका, असा तो प्रवास झाला.

मोजणारे हात

प्रश्न लोकांचा असला तरी मोजणार कोण? इथेही एक अढी असते. मोजणं हे शिकलेल्यांचं काम, लोकांनी फक्त दंड पुढे करायचा.

'सर्च'नं एक साधं यंत्र बनवलं होतं. लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही, हे मिनिटाला श्वास किती यावरून ओळखता येतं. पण गावातल्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एका चौकटीत मणी ओवले आणि शेजारी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ बसवलं. बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मण्यांची ओळ वेगळी, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच जलद. निरक्षर सुईण दहापर्यंत मोजू शकत होती, आणि तेवढं पुरलं. निदान तिच्या हातात आलं.

मग नवजात बाळं. गावातल्याच चार बुकं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊबदार ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं, आणि सगळं टिपून ठेवायचं. ३९ गावांत हे चाललं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट'नं हे डिसेंबर १९९९ मध्ये छापलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या मारतात, ती पद्धत याच गावांतून गेलेली आहे.

गावातल्याच हातांनी मोजलं की दडलेलं वर येतं. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले होते. त्यावरून राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मुलं दगावतात, असा अंदाज निघाला. सरकारी नोंदीत त्यातला अगदी थोडा हिस्सा दिसत होता. उरलेली मुलं गेली कुठे? ती नोंदीच्या आधीच गेली होती. जन्माचीच नोंद नाही, तर मरणाची कोण करणार? गावातल्या बाईला मात्र कुठल्या घरचा पाळणा रिकामा झाला हे माहीत असतं. तिला विचारलं, म्हणून ती मुलं निदान आकड्यात तरी आली.

कोयत्यामागचा आकडा

गडचिरोलीतून बीडकडे येऊ. इथली गोष्ट अलीकडची आणि जास्त बोचरी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी आली, कंबर मोडली, ताप आला, तरी पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरायची. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही. पोटात दुखतंय म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की सल्ला मिळायचा, पिशवी काढून टाका. पंचविशी-तिशीतल्या बायांचीही गर्भाशयं काढली गेली.

गावातल्या बायांना हे माहीत होतं. कुणाच्या जावेची काढली, कुणाच्या नणंदेची. महिला संघटनांच्या कार्यकर्त्या बोलत होत्या, पत्रकारांनी लिहिलं. सरकारी माहितीत मात्र याला जागा नव्हती. शस्त्रक्रिया खासगीत झालेली, बाई वर्षातले सहा महिने स्थलांतरित, आणि आरोग्याच्या नोंदवह्यांचा सगळा भर गर्भाशय मूल देतं त्या काळावर. मूल देऊन झालेल्या गर्भाशयाचं काय झालं, याचा रकानाच नव्हता.

२०१९ मध्ये आवाज वाढला, विधिमंडळात प्रश्न आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात मोजणी झाली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली.

या आकड्यातून काही निष्पन्न झालं, याचं कारण तो मागणारे लोक तो हाती यायच्या आधीपासून उभे होते. आकडा येताच पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. वरून ठरलेल्या पाहणीत अहवाल आधी येतो आणि त्याचं काय करायचं याचा विचार नंतर. बहुतेक वेळा तोही होत नाही.

तांबडा, पिवळा, हिरवा

लोकांनी प्रश्न ठरवायचा, लोकांनी मोजायचं, लोकांनीच वाचायचं, अशी पूर्ण साखळी महाराष्ट्रात एकदा सरकारच्या पैशानं उभी राहिली होती. तिचं नाव 'लोकाधारित देखरेख आणि नियोजन'. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली: पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद. पुढे आणखी जिल्हे जोडले गेले. पुण्याची 'साथी' संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती.

पद्धत सोपी होती. गावची आरोग्य समिती आणि कार्यकर्ते लोकांना विचारत. नर्सताई गावात येतात का? औषध केंद्रातच मिळतं की बाहेरून आणायची चिठ्ठी देतात? बाळंतपणाला पैसे मागितले का? डॉक्टर रात्री असतात का? उत्तरांवरून गावाचं प्रगतिपत्रक बनायचं. चांगलं तर हिरवा, बरं तर पिवळा, वाईट तर तांबडा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग वाचता येतो. पत्रक गावात लागायचं. मग जनसुनवाई. मंडपात एका बाजूला आरोग्य अधिकारी, समोर गाव. बाई उठून सांगणार, माझ्याकडून अमुक इतके घेतले, आणि अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागणार.

शासनाच्या रोजच्या माहितीपेक्षा ही वेगळी का, तर तिच्यातले रकाने उलट्या दिशेचे होते. एरवी दवाखाना गाव मोजतो: किती लशी टोचल्या, किती शस्त्रक्रिया केल्या, किती उद्दिष्ट गाठलं. इथे गाव दवाखाना मोजत होतं. अधिकारी सुरुवातीला चिडले, यात नवल नाही. पण कित्येकांना यातून आपल्याच केंद्राच्या अडचणी वर कळवायला बळ मिळालं. रिकाम्या पदाबद्दल डॉक्टरनं वरिष्ठांना पत्र लिहिणं वेगळं आणि तीनशे माणसांनी भर मंडपात विचारणं वेगळं.

एका रक्ताचे अनेक प्रश्न

आता एक परदेशी किस्सा. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. माणसांचे पाय कापावे लागत होते. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी ते खुशीनं दिलं, कारण प्रश्न त्यांचा होता. २००३ साली जमातीतल्या कार्लेटा तिलौसी विद्यापीठातल्या एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसल्या. तिथे त्यांना कळलं की तेच रक्त भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं आहे: स्किझोफ्रेनिया, जमातीतली आपसातली लग्नं, पूर्वज कुठून आले. आपण या दरीतच जन्मलो, अशी हवासुपाईंची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तातून कुणीतरी ती खोडून काढत होतं. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठानं ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले.

त्यांच्या संमतिपत्रावर सह्या होत्या, आणि मजकूर इतका मोघम होता की त्यात काहीही बसलं असतं. पण माणूस रक्त देतो ते एका प्रश्नासाठी देतो. शेजारणीला लग्नाला नेसायला शालू दिला, म्हणून तिनं तो गहाण टाकावा असं होत नाही.

हे आपल्याला का सांगायचं? पुन्हा सिकलसेल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट हे सगळे पट्टे त्यात येतात. बंगांना चार दशकांपूर्वी अडखळवणारा प्रश्न आता राष्ट्रीय झाला आहे.

काळ बदललाय, हे मान्य केलं पाहिजे. आज हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध आहे, बाळाची जन्मतःच तपासणी होऊ शकते, अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आजाऱ्यांचे आई-बाप स्वतःहून गोळ्या, रक्त, प्रमाणपत्र मागतात. लोकांनी एकेकाळी न विचारलेला प्रश्न खोटा नसतो. डॉक्टरला दिसतं ते गावाला दिसेलच असं नाही, आणि रक्तदाब किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग दुखून सांगत नाही. म्हणून तज्ज्ञानं गप्प बसावं, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यानं आपला प्रश्न गावासमोर मांडावा, गावाचा ऐकावा, आणि दोन्हींची सांगड घालावी.

आणि तपासणी केली की पुढचे प्रश्न लोकांच्याच अंगावर येतात. अभियानाचा बराचसा भर लग्नाआधी दोघांनी आपापलं सिकलसेल-तपासणीचं कार्ड जुळवून पाहण्यावर आहे. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. गणित बिनचूक आहे. पण लग्नाच्या बैठकीत हे कार्ड निघालं की मुलाकडच्याचं आणि मुलीकडच्याचं सारखंच वजन धरलं जाईल का? वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे पाहुण्यांना कोण समजावणार? यावर संशोधन हवं, आणि ते कसं हवं हे त्या घरातल्या पोरींनाच विचारलं पाहिजे.

कायद्याचं काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं समुदायाचा सहभाग नियोजनापासून मागतात, आणि आदिवासींवरचं संशोधन त्यांच्या हिताचं असेल तरच करा, असं बजावतात. कागदावर उत्तम. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मात्र नावाप्रमाणेच व्यक्तीचा आहे. संमती व्यक्तीची, आणि संशोधन व सांख्यिकीसाठी काही अटींवर सूट. पण गावाची, जमातीची अशी माहिती असते तिचं काय? एकाही माणसाचं नाव न फोडता 'हे सिकलसेलचं गाव' असा शिक्का बसू शकतो. मग त्या गावच्या प्रत्येक पोरीला तो शिक्का घेऊन सासर शोधावं लागेल. आरोग्य खात्यासाठीचा चौदा अंकी 'आभा' क्रमांक माणसाला मिळतो, गावाला मिळत नाही.

चावडी वाचन

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचं छोटं गाव आहे. लेखा-मेंढा म्हणून ते ओळखलं जातं. सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं म्हणून त्याचं नाव झालं. तिथली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. पण त्याआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो. बाहेरचा जाणकार तिथे येऊन सांगू शकतो, प्रश्नांना उत्तरं देऊ शकतो. निर्णय मात्र गावाचा. लोकांना किचकट विज्ञान काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना मेंढ्यानं उत्तर दिलं आहे. वनकायदा काही सिकलसेलपेक्षा सोपा नाही.

या मातीत आणखी एक रीत आहे, तिचं नाव चावडी वाचन. तलाठी गावात येतो, सातबारा मोठ्यानं वाचतो, ज्याच्या नावात, क्षेत्रात, वारस-नोंदीत चूक असेल तो उठून सांगतो. जमिनीच्या कागदाला एवढा मान. मग शरीराच्या कागदाला का नको? प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदोपत्री आहेच, तिला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधीही ठरलेला आहे. तिनं वर्षातून एकदा, कुणाचंही नाव न घेता, गावाचे आकडे वाचून दाखवावेत. बाळं किती जन्मली, किती दगावली, साप किती जणांना चावला, दवाखान्यापायी किती घरांनी कर्ज काढलं. ऐकणाऱ्यानं विचारावं, हे खरं का? आणि मग विचारावं, यात काय राहिलं? बायांचं वाचन वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या वेळी. या वाचनातून जे राहिलेलं निघेल ते पुढच्या वर्षीच्या टॅबमध्ये एका रिकाम्या रकान्यात जावं. गावाचा म्हणून एकच, मोकळा रकाना. विद्यापीठांनी, संशोधन संस्थांनी ते रकाने वाचून आपले विषय निवडावेत.

यात अडचणी आहेत. आशाताईंवर आधीच कामाचं ओझं आहे, मोबाइलवरच्या नोंदींविरुद्ध त्या रस्त्यावर उतरलेल्या आहेत. आणखी एक वही त्यांच्या माथी मारली तर ती बिनपगारी वेठ होईल. या कामाचा वेगळा मोबदला हवा. लोकही म्हणतील, संशोधन नको, आधी डॉक्टर द्या. म्हणू देत. तोही अग्रक्रमच आहे, नोंदवावा असा.

दिवाळीच्या फराळाचा डबा द्यायला परवा आत्याकडे गेलो होतो. ओट्यावर भिंतीला टेकून, पाय लांब करून तशीच बसली होती. शेजारी पाटावर एक शाळकरी वही. समोरच्या घरातली सातवीतली पोरगी तिला काहीतरी विचारत होती आणि लिहीत होती. शाळेचा प्रकल्प असेल, असं मला वाटलं. डोकावून पाहिलं. पट्टीनं आखलेल्या उभ्या रेघा, वर नावं आळीतल्या म्हाताऱ्या बायांची, आणि बाजूला आत्यानं सांगितलेले रकाने: मांडी घालता येते का, जिना चढता येतो का, रात्री झोप मोडते का, दवाखान्यात नेणारं कुणी आहे का.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पुन्हा येईल ना ती टॅबवाली," आत्या म्हणाली. "तिच्या हातात देईन. सतरा जणींचं झालंय. खालची आळी राहिली."